आठवणींचे सांधे शोधणारा चित्रकार

एखादी कविता पाठ झाली किंवा एखादे वाद्य हाताला वळले, म्हणजे मेंदूत नेमके काय बदलते, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शास्त्रीय उत्तर नव्हते. ते कोणत्या दिशेने शोधावे, हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांत स्पेनचे सांतियागो रामॉन इ काहाल यांचे नाव अग्रभागी आहे. विशेष म्हणजे त्यांना मुळात शास्त्रज्ञ व्हायचेच नव्हते. त्यांना व्हायचे होते चित्रकार.

१ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागॉन या खेड्यात काहाल यांचा जन्म झाला. वडील शल्यचिकित्सक आणि कमालीचे शिस्तप्रिय. मुलगा मात्र तितकाच उनाड. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवल्याबद्दल अकराव्या वर्षी त्याला कोठडीची हवा खावी लागली. चित्रकला हा वडिलांच्या लेखी रिकामटेकडा उद्योग होता. मुलाला वळण लागावे म्हणून त्यांनी त्याला केशकर्तनाच्या दुकानात आणि पादत्राणे बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करायला लावली. त्याचा उपयोग झाला नाही. अखेर १८६८ मध्ये वडील त्याला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले आणि तेथे मिळालेल्या हाडांवरून शरीररचना शिकवू लागले. हाडांची चित्रे काढता काढता मुलगा वैद्यकाकडे वळला आणि बापलेकांमधील जुना झगडा मिटला.

१८७३ मध्ये सारागोसा येथे वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर लष्करी डॉक्टर म्हणून काहाल यांची क्युबात रवानगी झाली. तेथे हिवतापाने त्यांना पुरते खिळखिळे केले आणि १८७५ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे व्हॅलेन्सिया येथे ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला.

खरी कलाटणी मिळाली ती १८८७ मध्ये. माद्रिद येथे लुईस सिमारो या डॉक्टरांनी त्यांना मेंदूचे काही काप दाखवले. इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने ते रंगवलेले होते. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या या प्रक्रियेत अगदी थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या शाखा-उपशाखांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या उठून दिसतात. काहाल यांनी या पद्धतीत सुधारणा केल्या. शिवाय प्रौढ मेंदूच्या दाट अरण्यात शिरण्याऐवजी त्यांनी पक्ष्यांची पिल्ले आणि गर्भावस्थेतील प्राणी निवडले. कारण तेथे पेशी विरळ असतात व तंतूंवर आवरण चढलेले नसते.

मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचे अखंड जाळे, अशी त्या काळी प्रबळ समजूत होती आणि स्वतः गॉल्जीही त्याच मताचे होते. १८८८ मध्ये बार्सिलोना येथे काम करताना काहाल यांना निराळेच दिसले. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र होती. तिची टोके दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ पोहोचत, परंतु तिच्यात विलीन होत नसत. स्पॅनिश भाषेतील संशोधन युरोपात फारसे वाचले जात नव्हते. म्हणून त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले व ते परदेशी शास्त्रज्ञांना पाठवले. तरीही दखल घेतली जाईना, तेव्हा १८८९ मध्ये आपला सूक्ष्मदर्शक आणि काप घेऊन ते स्वतः बर्लिनच्या परिषदेला गेले. ज्येष्ठ शास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कलिकर यांनी ते काप पाहिले आणि तेथून वारे फिरले.

पेशी स्वतंत्र आहेत हे ठरल्यावर स्मृतीचा प्रश्नही वेगळ्या रीतीने मांडता येऊ लागला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत दिलेल्या व्याख्यानात काहाल यांनी तो मांडला. प्रौढपणी चेतापेशींची संख्या वाढत नाही, तरी माणूस नवे शिकतच राहतो. तेव्हा शिकण्याची खूण पेशींच्या संख्येत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. सरावाने शाखा वाढतात आणि सांधे बळकट होतात, असे सांगताना त्यांनी मेंदूला मशागत केलेल्या बागेची उपमा दिली. त्या वेळी हे केवळ अनुमान होते. या सांध्यांना सिनॅप्स हे नावही १८९७ मध्ये मिळाले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून देण्यात आले. एकाच पद्धतीने काम करून परस्परविरोधी निष्कर्ष काढणारे हे दोघे स्टॉकहोममध्ये एकत्र आले आणि गॉल्जी यांनी पारितोषिकाच्या व्याख्यानातच काहाल यांच्या सिद्धांतावर हल्ला चढवला. पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखवील असे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. ती दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. तोवर दोघेही हयात नव्हते.

काहाल यांचा आशावाद मात्र अमर्याद नव्हता. प्रौढ मेंदूतील तुटलेले मार्ग पुन्हा जुळत नाहीत, असा खिन्न निष्कर्ष त्यांनी उत्तरायुष्यात काढला आणि तो बदलण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोपवले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी एकत्र कार्यरत होणाऱ्या पेशींमधील सांधा बळकट होतो, अशी मांडणी केली. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी सशाच्या मेंदूत असे बळकट झालेले सांधे कित्येक तास तसेच टिकत असल्याचे प्रयोगाने दाखवले. बागेची ती उपमा मांडली गेल्याला तोवर जवळपास ऐंशी वर्षे लोटली होती. काहाल यांनी रेखाटलेली चेतापेशींची चित्रे मज्जाशास्त्राच्या पुस्तकांत आजही छापली जातात. वडिलांनी मोडू पाहिलेला छंदच अखेर या शास्त्राच्या कामी आला.