मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग

इंग्रजीत मत देणारा माणूस वाक्याचा उघड कर्ता असतो. 'आय थिंक' म्हणताना 'आय' पुढे उभा राहतो आणि क्रियापद त्याच्यामागून चालते. मराठीत 'मी हे योग्य समजतो' अशी रचना आहेच. पण तेच मत 'मला हे योग्य वाटते' असेही सांगता येते. या दुसऱ्या वाक्यात मत मांडणारा 'मी'चा 'मला' होऊन मागे सरतो. दोन भाषांमधील असे भेद एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकणाऱ्या पहिल्या पिढ्यांसमोर उभे राहिले. त्याच पिढ्यांतील दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मराठीला तिचे व्याकरण दिले.

दादोबांचा जन्म १८१४ मध्ये मुंबईत झाला. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवली आणि संज्ञा मात्र संस्कृत परंपरेतून घेतल्या. मराठी क्रियापद कधी कर्त्याच्या, कधी कर्माच्या मागे जाते, तर कधी दोघांनाही जुमानत नाही. मुंबईच्या शाळेत असो वा पैठण रस्त्यावरील बिडकीनच्या, कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग विद्यार्थ्यांना आजही शिकावे लागतात. १८५० मध्ये या व्याकरणाची सुधारित आवृत्ती निघाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानांनी त्याची कठोर चिकित्सा केली. तरीही दादोबांना 'मराठीचे पाणिनी' ही ओळख मिळाली.

वाक्यातील कर्ता ओळखणे एक आणि स्वतः कर्ता म्हणून समाजापुढे उभे राहणे वेगळे. दादोबांचे धाकटे बंधू भास्कर यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये इंग्रजी राजवटीच्या लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली, तीही इंग्रजीत; परंतु टोपणनावाने. दादोबांनी सुरतेत १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता यांच्यासह मानवधर्म सभा स्थापन केली. पुढे मुंबईत परमहंस सभा उभी राहिली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय होते. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. मात्र सारा कारभार बंद दाराआड चाले, कारण नाव उघड झाले की बहिष्कार ठरलेला होता. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा विस्कटली.

याच काळात दादोबा सरकारी नोकरीत होते. अहमदनगर जिल्ह्यात डेप्युटी कलेक्टर असताना भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल त्यांना रावबहादूर किताब मिळाला. लेखणीही थांबली नव्हती. मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची 'यशोदापांडुरंगी' ही टीका १८६५ मध्ये आली.

सभा मोडली, तरी विचार मोडला नाही. दादोबांचे आणखी एक बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. परमहंस सभेतील काही जुनी मंडळी आता आपल्या नावानिशी, उघडपणे त्यात सामील झाली.

दादोबांचे १८८२ मध्ये निधन झाले. त्यांच्या अपुऱ्या आत्मचरित्राचे संपादन पुढे अ. का. प्रियोळकर यांनी केले. मराठीत मत मांडण्याचे नियम दादोबांनी तरुणपणीच लिहून ठेवले होते. ते मत स्वतःच्या नावाने मांडता यावे, यासाठी मात्र त्यांच्या पिढीला तीन दशके वाट पाहावी लागली.