उभं राहायला शिकवणारे मास्तर

पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसानं नवीन काही शिकायला जाऊ नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत. तरीही काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी मी जोशीमठच्या वर, औलीला, स्कीइंग शिकायला गेलो. पायांना दोन लांबलचक पट्ट्या बांधल्या आणि पहिल्या दहा मिनिटांत मी सात वेळा बर्फात लोळलो. मुलगी हसत होती, आणि मी मनातल्या मनात परतीचं तिकीट काढत होतो.

आमचे गढवाली मास्तर मात्र शांत. त्यांनी हातातल्या काठीनं बर्फावर देवनागरी आठचा आकडा काढला. स्कीची पुढची टोकं जवळ आणा, मागची लांब ठेवा, गुडघे वाकवा, अंग थोडं पुढं झुकवा, बस्स, एवढंच त्यांचं सांगणं. मी आठ केला आणि काय आश्चर्य, घसरता घसरता चक्क थांबलो! स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुतल्या होत्या आणि त्यांनीच ब्रेकचं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी एका पायावर थोडा जास्त भार टाकायला शिकलो, तर आपोआप वळलो.

मला लहानपणची गावाकडची विहीर आठवली. पोहायला शिकवणारे तिथं दोन प्रकारचे असत. एक मागून येऊन ढकलून देणारे, आणि दुसरे पाठीला भोपळा बांधून, हात धरून, पायरीपायरीनं पाण्यात नेणारे. ढकललेली काही मुलं पोहायला शिकली, हे खरं. पण काही जन्मभर पाण्याला भ्यायली. औलीचे मास्तर दुसऱ्या जातीचे होते. पुण्याला परतल्यावर पुस्तकं चाळली आणि या दुसऱ्या जातीच्या स्की-मास्तरांचा मूळपुरुष सापडला. त्याचं नाव हान्नेस श्नायडर.

हान्नेसचा जन्म २४ जून १८९० चा, ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग खिंडीजवळच्या श्टुबेन नावाच्या इवल्याशा गावातला. हिवाळ्यात घरं बर्फात बुडून जाणारं हे गाव. मुलानं चीज बनवण्याच्या धंद्यात पडावं, असा घरच्यांचा बेत होता. पण ब्रेगेन्झहून येणारे व्हिक्टर झोम नावाचे गृहस्थ पायांत लाकडी पट्ट्या अडकवून उतार उतरताना या पोरानं पाहिले आणि चीज कायमचं मागं पडलं. पहिल्या स्की त्यानं घरच्याघरी जुळवलेल्या होत्या. पुढं झोम यांनीच त्याला हाताशी धरून शिकवलं. १९०७ साली शेजारच्या सांक्ट आंतोन गावातले हॉटेलवाले कार्ल शूलर यांनी आपल्या पाहुण्यांना शिकवायला त्याला नोकरीवर ठेवलं. मास्तरांचं वय होतं सतरा!

तेव्हा स्कीइंगची रीत नॉर्वेची होती. ताठ उभं राहायचं आणि वळताना एक गुडघा टेकल्यासारखा खाली न्यायचा. दिसायला देखणी, पण ती तिकडच्या मवाळ टेकड्यांवरची. आल्प्सच्या खड्या उतारावर तिचा टिकाव लागेना. नांगरासारख्या स्की उघडून वेग आवरण्याची युक्ती ऑस्ट्रियात आधीपासून होती. तिच्यावर माथियास झ्दार्स्की यांनी पुष्कळ काम केलं होतं. श्नायडरनी त्यात गुडघे वाकवून पुढं झुकण्याची भर घातली, आणि या सगळ्याची एक शिडी बनवली. आधी नांगर, मग एक स्की उघडून वळणं, आणि शेवटी दोन्ही स्की जवळ ठेवून सर्रकन घेतलेलं वळण. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही.

पहिल्या महायुद्धात त्यांनी पहाडी पलटणींना ही विद्या शिकवली. शेकडो शेतकऱ्यांची पोरं थोड्या दिवसांत उभी करायची, तर पद्धत सोपीच हवी, हे तिथं त्यांच्या मनात पक्कं झालं. युद्धानंतर सांक्ट आंतोनला त्यांची शाळा नव्यानं उभी राहिली. शिष्य सांगत की मास्तर बोलायला मोजके आणि शिस्तीला कडक. शिकायला आलेला सरदार असो की कारकून, आधी त्याला घसरून दाखवावं लागे, आणि मग त्याच्या वकुबाप्रमाणे वर्ग ठरे. सुटीसाठी आलेल्या श्रीमंताला खुशामतीनं वरच्या वर्गात बसवणं त्यांना मंजूर नव्हतं. कारण सरळ होतं. वरच्या वर्गात चुकून गेलेला माणूस हाड मोडून घेतो, आणि हाड नाही मोडलं तरी त्याची हिंमत मोडते.

डॉ. आर्नोल्ड फांक यांच्या १९२० च्या मूकपटात ते झळकले, पुढं आणखी चित्रपट आले, आणि आल्प्समधल्या मास्तरांचं नाव जगभर पोचलं. १९२८ मध्ये इंग्रज स्कीपटू आर्नोल्ड लन यांच्याबरोबर त्यांनी आर्लबर्ग-कांडाहार ही शर्यत सुरू केली. १९३० मध्ये जपाननं त्यांना बोलावून घेतलं. तिथल्या नोझावा ओन्सेन गावात त्यांच्या नावाचा उतार आजही आहे.

या भरभराटीत त्यांचे एक जोडीदार होते, रुडॉल्फ गोम्पेर्त्स. हे व्हिएन्नाचे इंजिनिअर. सांक्ट आंतोनला आले आणि तिथलेच झाले. शिकवणं श्नायडरचं, तर गावाची जाहिरात, पाहुण्यांची व्यवस्था आणि हिशेब गोम्पेर्त्स यांचा. गोम्पेर्त्स जन्मानं ज्यू घराण्यातले होते. १९३३ नंतर सीमेपलीकडून विषारी वारं वाहू लागलं, गावातल्याही काही डोक्यांत ते शिरलं. गोम्पेर्त्सना दूर करा, असा दबाव आला. श्नायडर राजकारणी नव्हेत. पण मित्राला सोडायला त्यांनी नकार दिला. नाझींची बाजू घेणाऱ्यांची त्यांनी गय केली नाही.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि लगेच श्नायडरना अटक झाली. ज्या गावाला त्यांनी जगाच्या नकाशावर आणलं, त्या गावात त्यांच्यावर पाळत ठेवणारे आणि बोट दाखवणारे निघाले, ही गोष्ट वाचताना आजही पोटात कालवतं. काही आठवडे लांडेकच्या तुरुंगात गेले. पुढं कार्ल रोझेन या वकील मित्रानं खटपट करून त्यांना गार्मिश-पार्टेनकिर्खेनला आपल्या घरी नेलं. तुरुंग सुटला, नजरकैद राहिली. लन यांनी निषेध म्हणून त्या वर्षीची शर्यतच होऊ दिली नाही.

आणि इथं मास्तरांचं पेरलेलं उगवून आलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये कॅरल रीड नावाचा एक तरुण १९३४ मध्ये स्कीवरून पडून पाठ जायबंदी करून बसला होता. इस्पितळात पडल्या पडल्या त्याला वाटलं की इथं नीट शिकवणारी शाळा हवी. त्यानं शाळा काढली आणि शिकवायला श्नायडर यांचे शिष्य बेनो रिबिट्झका यांना आणलं. पुढं ती शाळा हार्वी गिब्सन या बँकरनं घेतली. गिब्सन मूळचे तिथल्याच नॉर्थ कॉनवे गावचे, आणि जर्मनीकडच्या कर्जाच्या वाटाघाटींत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी ते वजन खर्ची घातलं. मास्तर सुटले.

११ फेब्रुवारी १९३९ रोजी श्नायडर, पत्नी लुडविना आणि मुलं हर्बर्ट व हेर्टा नॉर्थ कॉनवेच्या स्टेशनावर उतरले. गाव लोटलं होतं. शाळेच्या पोरांनी स्कीच्या काठ्या उंच धरून कमान केली होती आणि तिच्याखालून हे बेघर कुटुंब नव्या घरी निघालं. हे सांक्ट आंतोन नव्हे, पण इथंही आपल्याला रमता येईल, अशा अर्थाचं काहीसं ते मुलाला म्हणाले, अशी घरची आठवण आहे.

गोम्पेर्त्सना अशी कमान लाभली नाही. १९४२ मध्ये त्यांना व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्सला नेऊन ठार करण्यात आलं. एक मित्र वाचला, एक गेला. श्नायडरांची गोष्ट सांगताना हा भाग गाळला, तर ती खोटी होईल.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मास्तरांनी क्रॅनमोरच्या छोट्या डोंगरावर पुन्हा आठच्या आकड्यापासून शाळा मांडली. शिष्य तोवर सगळीकडे पसरले होते. ओटो लांग रेनियर पर्वतावर शिकवू लागले होते, फ्रीडल फायफर यांनी पुढं ॲस्पेन वसवायला हातभार लावला. मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या पहाडी डिव्हिजनमधून इटलीत लढला आणि परतून शाळा सांभाळू लागला. २६ एप्रिल १९५५ रोजी नॉर्थ कॉनवेलाच श्नायडर गेले. दर मार्चमध्ये तिथं त्यांच्या नावाची शर्यत होते आणि हौशी मंडळी जुन्या काळचे कपडे घालून उतार उतरतात.

आमच्या गढवाली मास्तरांना मी हे नाव विचारलं नव्हतं. तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं. विचारलं असतं, तर कदाचित त्यांनीही नकारार्थी मान हलवली असती. त्यांनी ते आपल्या उस्तादांकडून घेतलं, उस्तादांनी त्यांच्या उस्तादांकडून. नाव वाटेत कुठंतरी गळून पडलं, आणि आठचा आकडा तेवढा हातोहात हिमालयापर्यंत आला. गुरुजींचं नाव विसरलो तरी त्यांनी घोटून घेतलेलं अक्षर बोटांत राहतं, तसंच हे. घाबरलेल्या माणसाला ढकलू नये, त्याला आधी उभं राहायला शिकवावं, ही त्या आकड्याची शिकवण. ती देणारा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा मित्राच्या बाजूनं उभा राहिला, म्हणून मला ती अधिक खरी वाटते.

शेवटच्या दिवशी मी छोटा उतार न पडता उतरलो. मुलगी खाली टाळ्या वाजवत उभी होती. वळून पाहिलं, तर बर्फावर माझ्या स्कीच्या दोन रुंद, वेड्यावाकड्या रेघा उमटल्या होत्या.