होळकरांचे कर्नल: सी. के. नायडू आणि पैशाच्या बळाची मर्यादा

खेळाडूंच्या लिलावाचे दिवस आले की एक जुना समज नव्याने उजळला जातो. ज्या शहरात पैसा, त्याच शहराचा संघ बलवान. मोठे खेळाडू त्याच्याच वाट्याला जाणार आणि करंडकही तिकडेच राहणार. रणजी करंडकाच्या इतिहासातील अकरा हंगाम मात्र या समजुतीशी सहज जुळत नाहीत. १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात मुंबईने चार वेळा करंडक जिंकला आणि होळकर संघानेही चारच वेळा. बडोद्याने तो दोनदा नेला, मद्रासने एकदा. कलकत्ता आणि दिल्ली या दोन बड्या शहरांच्या संघांच्या हाती या अकरा वर्षांत काहीच लागले नाही. याच अवधीत होळकर संघ तब्बल दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला. त्या यशाच्या केंद्रस्थानी इंदूरच्या मातीत न जन्मलेला, पण इंदूरचाच होऊन गेलेला एक माणूस उभा होता. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू भाषक, वकिली आणि जमीनजुमल्यामुळे सुस्थितीतले. नागपूरच्या मैदानांवर घडलेला हा उंचापुरा, ताठ कण्याचा तरुण १९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध पहिला मोठा सामना खेळला. संघाची पडझड झालेली असताना ते फलंदाजीला आले, पहिले तीन चेंडू शांतपणे खेळून काढले आणि चौथा सीमेपलीकडे भिरकावून षटकाराने आपले खाते उघडले, असे सांगितले जाते.

त्या काळी भारतात व्यावसायिक क्रिकेटपटू असा वर्ग जवळजवळ नव्हताच. खेळणाऱ्याला घरची श्रीमंती हवी किंवा दरबाराचा आश्रय. १९२३ साली इंदूरच्या होळकर दरबाराने नायडूंना बोलावून घेतले आणि संस्थानी सैन्यात हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि ही उपाधी त्यांच्या नावाला अशी चिकटली की ‘कर्नल’ म्हटले की दुसऱ्या कोणाचा विचार मनात येत नसे. आजच्या भाषेत सांगायचे, तर एका लहान राज्याने केलेला हा तारांकित खेळाडूचा करार होता. त्यात लिलाव नव्हता, बोली नव्हती. हुद्दा, मान आणि निश्चिंती एवढेच त्याचे मोल होते.

हा करार किती मोलाचा ठरणार, याची साक्ष तीन वर्षांत मिळाली. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध नायडूंनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा फटकावल्या. त्यात अकरा षटकार होते. राज्यकर्त्यांच्या संघाची गोलंदाजी इतक्या निर्भयपणे उधळली जाताना भारतीय प्रेक्षकांनी पूर्वी पाहिली नव्हती. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटचालीत या खेळीचा वाटा मानला जातो.

पैशाची सत्ता नायडूंनी स्वतःच्या कारकिर्दीत मात्र वेगळ्या, कडू रूपात पाहिली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून पोरबंदरच्या महाराजांची निवड झाली होती. सर्वोत्तम खेळाडूने संघाचे नेतृत्व करावे, हा विचार त्या काळच्या मंडळींना सुचणे कठीणच होते. नेतृत्व हा संस्थानिकांचा हक्क समजला जाई. महाराजांनी स्वतःची कुवत ओळखून माघार घेतली, उपकर्णधार लिंबडीचे राजपुत्र दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत नाणेफेकीला नायडू गेले. हाताला दुखापत झालेली असतानाही पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांनीच केल्या. सामना १५८ धावांनी गमावला, तरी त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा आणि ६५ बळी अशी त्यांची कामगिरी होती. पुढच्या वर्षी विस्डेनने निवडलेल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांचे नाव आले.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या संघाविरुद्ध भारतातील पहिल्या कसोटी मालिकेतही तेच कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले, तेव्हा दुसऱ्या टोकाला उभे राहून १८६ धावांची भागीदारी करणारे नायडूच होते. एवढे असूनही १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद गेले ते विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे. त्यांचे क्रिकेट सामान्य आणि वैभव असामान्य होते. नायडू त्या गटबाजीने पोखरलेल्या संघात साधे खेळाडू म्हणून खेळले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू छातीवर आदळल्यानंतरही ते खेळपट्टी सोडून गेले नाहीत आणि ८१ धावांची खेळी करून त्यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. संपत्तीच्या जोरावर कर्णधारपद मिळवता आले, सामना जिंकता आला नाही, हे त्या दौऱ्याने दाखवून दिले. तीनपैकी दोन कसोट्या भारताने गमावल्या आणि एक अनिर्णित राहिली.

कसोटी सामने अवघे सात. तरीही नायडूंचे खरे कर्तृत्व त्यानंतर, चाळिशी ओलांडल्यावर, इंदुरात उभे राहिले. रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या हंगामांत मध्य भारत संघ खेळत असे. १९४१-४२ पासून होळकर या नावाने संघ उतरू लागला. यशवंतराव होळकर यांच्या कारकिर्दीत दरबाराने खेळाडूंना संस्थानच्या नोकरीत घेतले आणि संघ बांधण्याचे काम कर्नलांवर सोपवले. सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्राकडून खेळलेले कमल भांडारकर आणि बडोद्याहून आलेले नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू ही मंडळी निरनिराळ्या वेळी या संघात आली. इंदूरचेच जगदाळे त्यांत होते आणि मुश्ताक अलीही होते. मुश्ताक पोरवयाचे असताना त्यांच्यातला गुण हेरून त्यांना हाताशी धरणारे नायडूच. १९३६ साली मँचेस्टरला परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक ठोकणारा हा फलंदाज इंदूरने विकत घेतला नव्हता, घडवला होता.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे मान्य करावी लागते. होळकर संघ हा गरिबांचा संघ नव्हता. दरबाराचा आश्रय हा पैशाचाच एक प्रकार होता आणि बाहेरचे गुणी खेळाडू त्यामुळेच इंदूरला आले. बडोद्यातही गायकवाड दरबाराने विजय हजारे यांच्यासारख्या फलंदाजाला असाच आश्रय दिला. म्हणून या कथेतून पैशाला महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फरक आहे तो एवढाच, की शहराच्या आकारमानावर आणि बाजारपेठेवर यश ठरत असते, तर कलकत्त्याला १९३८-३९ च्या विजेतेपदानंतर पुढच्यासाठी १९८९-९० पर्यंत थांबावे लागले नसते आणि दिल्लीला पहिल्या करंडकासाठी १९७८-७९ उजाडले नसते. पैसा सर्वत्र होता. तो कोणाच्या हाती दिला आणि त्याने त्याचे काय केले, येथे उत्तर दडलेले होते.

१९४५ च्या मार्च महिन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांच्यातील अंतिम सामन्यात हे दोन्ही पक्ष समोरासमोर आले. महायुद्धामुळे इंदूरजवळच्या महू छावणीत नेमणूक झालेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून उतरला होता. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. होळकरांनी ३६० आणि ४९२ धावा करून झुंज दिली. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, सी. एस. नायडूंनी सामन्यात ९१७ चेंडू टाकले. तरीही मुंबई ३७४ धावांनी जिंकली. शंभरानंतरच्या प्रत्येक धावेमागे ठरावीक रक्कम देण्याचे एका धनिकाने कॉम्प्टनला कबूल केले होते आणि पैसे देण्याची वेळ आली तेव्हा तो गावाबाहेर निघून गेला, अशी गोष्ट क्रिकेटच्या गप्पांत अजून रंगते. खरी असो वा रचलेली, उसन्या ताऱ्यावर अंतिम सामना जिंकता आला नाही, हे धावफलकावर नोंदलेले आहे.

पुढच्याच हंगामात उत्तर मिळाले. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या; एकाच डावात सहा फलंदाजांची शतके झाली, त्यांतले एक कर्नलांचे होते. बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात होळकरांच्या पहिल्या डावातील ३४२ पैकी २०० धावा एकट्या नायडूंच्या होत्या. तेव्हा त्यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. होळकरांनी ५६ धावांनी विजय मिळवून पहिला करंडक घेतला. लगेच पुढच्या वर्षी बडोद्याने परतफेड केली. हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी करून होळकरांना डावाने धूळ चारली. मग १९४७-४८ मध्ये होळकरांनी अंतिम सामन्यात मुंबईलाच नऊ गड्यांनी हरवले. १९५०-५१ आणि १९५२-५३ ही आणखी दोन विजेतेपदे. चारही वेळा कर्णधार नायडू.

त्यांची शिस्त कठोर होती. दुखापतीची सबब त्यांच्यापुढे चालत नसे, कारण ते स्वतः ती कधी सांगत नसत. मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी पन्नाशी उलटलेला हा माणूस फलंदाजी करीत राहिला, असे जुने लोक सांगत. अशा माणसाच्या हाताखाली खेळताना तरुणांना जे मिळाले, ते कोणत्याही पगारपत्रकावर लिहिलेले नव्हते.

तथापि या इमारतीचा एक खांब दरबार होता आणि तो १९४८ साली निखळला. इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. जमलेला संघ आणखी काही वर्षे आपल्या पुण्याईवर खेळत राहिला, १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून हरला आणि होळकर हे नाव स्पर्धेतून गेले. मुंबईचे तसे झाले नाही. तिची श्रीमंती एका तिजोरीत नव्हती. जिमखाने, शिवाजी पार्कसारखी मैदाने, कांगा लीग, खेळाडूंना नोकरी देणाऱ्या बँका आणि कंपन्या अशी ती शेकडो ठिकाणी विखुरलेली होती. एक दार बंद झाले तरी दहा उघडी राहत. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने करंडक राखला, त्याचे मूळ यात आहे.

नायडूंना १९५६ साली पद्मभूषण मिळाले. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून रणजी सामन्यांत उतरले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

होळकरांचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशाला रणजी करंडक उचलण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. अंतिम सामन्यात समोर मुंबईच होती. दरम्यान नायडूंच्या जन्मगावच्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक नेला होता. गोव्यासारख्या लहान राज्यात बाहेरचे खेळाडू आणावेत की आपले घडवावेत, हा वाद दर हंगामात निघतो. होळकरांनी दोन्ही केले आणि दोन्हींचे फळ चाखले. त्यांना तिसरी गोष्ट साधली नाही: आश्रयदाता गेल्यावरही चालू राहील अशी व्यवस्था. बाहेरून आलेल्या एका खेळाडूने तीस वर्षांत मुश्ताक अलींसारखे फलंदाज घडवले, पण त्यांच्यामागे उभे राहणारे क्लब, मैदाने आणि नोकऱ्या घडवणे त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते. ते काम शहराचे होते.