औंधचे राजेसाहेब आणि स्वतंत्रपूर

मी सातवीपर्यंत शिकलेली. लिहिण्याची सवय नाही. पण आपल्या आळीतल्या एका प्रसंगापासून औंधच्या राजेसाहेबांचे चरित्र मनातून जात नाही, म्हणून हे चार शब्द.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. १९०९ साली ते गादीवर बसले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे. राजेसाहेब स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत आणि नेमाने सूर्यनमस्कार घालीत. शाळेतल्या मुलामुलींनाही त्यांनी नमस्कारांची सवय लावली. १९१० साली त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळाची जागा दिली. तीच किर्लोस्करवाडी. तिथे शिक्षा झालेल्या माणसांनाच लक्ष्मणरावांनी राखणीला ठेवले होते.

१९३८ साली राजेसाहेबांनी कारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली. या कामात पोलंडचे एक इंजिनिअर होते, मॉरिस फ्रिडमन. त्यांना भारतानंद म्हणत. कैद्यांना कोंडून न ठेवता त्यांच्यावर विश्वास टाकावा, हा त्यांचा विचार राजेसाहेबांना पटला. १९३९ साली आटपाडीजवळ उजाड माळावर स्वतंत्रपूर वसले. उंच भिंत नाही, पायात बेडी नाही. कैद्याने शेती करावी, बायकामुलांसह राहावे. यावरूनच शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. लेखन त्याच भागातल्या गदिमांचे.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली राजेसाहेब वारले. वसाहत मात्र पुढेही चालू राहिली. आपल्याच जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात, विसापूरलाही खुले कारागृह आहे.

आता आळीतली गोष्ट. एक गृहस्थ शिक्षा भोगून घरी आले. त्यांच्या पत्नीने मंडळाच्या पापडाच्या कामात घ्या म्हणून विनविले. सभेत सर्वांत आधी नको म्हणणारी मीच. ती बाई काही न बोलता उठून गेली. पुढे तो चित्रपट पाहिला, राजेसाहेबांविषयी वाचले आणि मला माझीच लाज वाटली. राजाने दरवाजा उघडा ठेवला, आणि मी पोळपाटाशीसुद्धा जागा देईना! दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाचे निमित्त करून मी तिच्या घरी गेले आणि चुकले म्हणाले.

आज ती आपल्याबरोबर पापड लाटते. तिचे यजमान हातगाडीवरून माल बाजारात पोचवितात. पहिल्या दिवशी मी पुडे दोनदा मोजले, हे कबूल करते. पुडे बरोबर होते. आता मोजीत नाही.

शिक्षा सरकार देते आणि ती एके दिवशी संपते. शेजाऱ्यांनी दिलेली मात्र संपता संपत नाही. ती संपविणे आपल्या हाती आहे. वर्धापनदिनी एवढे मनावर घ्यावे, ही विनंती.