आयनांच्या वाटेवरून अणूच्या गाभ्यापर्यंत

रिकार्टनला लागून असलेल्या इलाम परिसरात कँटरबरी विद्यापीठाच्या एका इमारतीला अर्नेस्ट रदरफर्ड यांचे नाव दिलेले आहे. ते शिकले मात्र हॅगली पार्कच्या पलीकडे, ख्राइस्टचर्चच्या मध्यवस्तीतील जुन्या कँटरबरी कॉलेजात. त्या दगडी वास्तूंत आता आर्ट्स सेंटर आहे.

रदरफर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी नेल्सनजवळ झाला. बारा भावंडांत ते चौथे. परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीवर आधी दुसऱ्याच उमेदवाराची निवड झाली होती. त्याने ती नाकारली म्हणून ती रदरफर्ड यांच्याकडे आली. १८९५ मध्ये वाग्दत्त वधू मेरी न्यूटन यांना मागे ठेवून ते केंब्रिजला गेले. विवाहासाठी दोघांना १९०० पर्यंत थांबावे लागले.

केंब्रिजला जाताना त्यांनी रेडिओलहरी टिपणारे स्वतःचे उपकरण सोबत नेले होते. त्यातून पैसा आणि प्रसिद्धी मिळण्याची शक्यता होती. तो विषय बाजूला ठेवून ते जे. जे. थॉमसन यांच्यासह क्ष-किरणांमुळे हवेत निर्माण होणाऱ्या आयनांकडे, म्हणजे विद्युतभारित कणांकडे, वळले. दर सेंटिमीटरला एक व्होल्ट इतक्या विद्युतक्षेत्रात हे आयन सेकंदाला सुमारे दीड सेंटिमीटर सरकतात, असे त्यांनी मोजले. अदृश्य वस्तूला तिच्या चालीवरून ओळखण्याची ही रीत त्यांना जन्मभर पुरली.

मॉन्ट्रिअलमध्ये असताना, १९०६ मध्ये, त्यांनी अल्फा कण अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यातून सोडले. अल्फा कण म्हणजे हेलियमचा आयनच. पलीकडे उमटलेली रेघ किंचित पसरट झाली होती. पुढे मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमवर आदळलेल्या कणांपैकी सुमारे आठ हजारांतील एक मागे फिरलेला आढळला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी त्याचा अर्थ लावला: अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असते.

आज खारे पाणी गोडे करणाऱ्या आयन-विनिमय पटलांचा अभ्यासही काहीसा याच तऱ्हेने होतो. पटलात कायमचे जखडलेले विद्युतभार विरुद्ध भाराच्या आयनांना वाट देतात, समान भाराच्या आयनांना दूर सारतात. आयन किती सहज पार होतात, यावरून आतल्या पाणभरल्या वाटा किती रुंद आणि किती सलग आहेत हे ताडता येते. आरपार जाणारा प्रवासी येथेही आतल्या घडणीची साक्ष देतो.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते रसायनशास्त्रासाठी. पुढे कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची धुरा आली, १९३१ मध्ये लॉर्ड ही पदवीही आली. या वैभवाची किंमत अंतराने वसूल केली. १८९५ नंतरच्या बेचाळीस वर्षांत ते मायदेशी केवळ चार वेळा जाऊ शकले. एकुलती एक कन्या आयलीन १९३० मध्ये बाळंतपणानंतर निवर्तली. तरीही पदवीसोबत त्यांनी नेल्सनचे नाव घेतले आणि मानचिन्हात किवी पक्षी व माओरी योद्ध्याला स्थान दिले.

जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद ते भूषविणार होते. १९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती भेट राहून गेली. मात्र त्यांच्या काळातील कॅव्हेंडिशमध्ये वावरलेले होमी भाभा मायदेशी परतले आणि १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. काही महिन्यांतच तिचे बिऱ्हाड मुंबईत आले.