सुट्या भागांचा किमयागार : जॉन ब्राउनिंग

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी गावातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तेथेच अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या तरुणाने जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत ट्रंकेच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुले हिंदुस्थानात धाडली होती. नाशिकला वापरले गेलेले पिस्तूल त्यांपैकीच होते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ती वीस पिस्तुले ब्राउनिंग बनावटीची होती आणि तेव्हापासून हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासाला कायमचे चिकटले. ज्या माणसाचे ते आडनाव होते, तो मात्र हजारो मैलांवरच्या एका आडवाटेच्या अमेरिकी गावात, वडिलांच्या लोहारशाळेतील भंगाराच्या ढिगाऱ्यापाशी घडला होता.

भंगारातली पहिली बंदूक

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रदेशातील ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन ब्राउनिंग हे नामांकित बंदूककार. मॉर्मन पंथ स्वीकारल्यानंतर पंथीयांबरोबर स्थलांतर करीत ते १८५२ मध्ये युटात येऊन स्थिरावले होते. तीन पत्नी आणि बावीस अपत्ये असा त्यांचा विस्तीर्ण संसार होता. बैलगाडीतून त्यांनी जी अवजारे आणली, त्यात पायाने चालविण्याची एक लेथही होती. शेतीची अवजारे, चुली, गाड्यांची चाके आणि बंदुका या साऱ्यांची दुरुस्ती त्याच एका छपराखाली होत असे. नादुरुस्त होऊन टाकून दिलेल्या बंदुकांचे अवशेष कोपऱ्यात साठत. जॉनची खरी शाळा तीच.

ब्राउनिंग कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक हकिकत आहे. दहा वर्षांच्या जॉनने त्या ढिगातून एक टाकाऊ नळी उचलली, कुऱ्हाडीने फळी तासून तिचा दस्ता केला, तारेने दोन्ही घट्ट बांधले आणि धाकट्या मॅटला घेऊन तो पाखरे मारायला गेला. चाप, घोडा असे काही नव्हतेच. दारूला बत्ती देण्याचे काम मॅटकडे होते. शिकार मिळाली. वडिलांनी ती बंदूक निरखून पाहिली आणि अकरावे वर्ष लागू घातलेल्या मुलाला याहून बरी बंदूक जमायला हवी होती, एवढाच शेरा मारला. तो शेरा जॉन आयुष्यभर विसरले नाहीत. हाताशी काय आहे, त्यातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, ही पारख त्यांच्या साऱ्या कामाचा पाया ठरली.

ऑग्डेनची रायफल

पुढे दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बंदुका उघडून पाहताना जॉन यांना त्यांतील अनावश्यक गुंतागुंत खटकू लागली. सन १८७८ मध्ये त्यांनी स्वतःची एकबारी रायफल बनविली. आधुनिक यंत्रे नव्हती. भाग भट्टीत तापवून ठोकायचे, कानशीने घासायचे आणि एकमेकांत बसवून पाहायचे, अशी ती पद्धत होती. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी या रायफलीचे पेटंट मंजूर झाले. त्याच वर्षी त्यांचा रेचेल चाइल्ड यांच्याशी विवाह झाला आणि वडिलांचे निधनही झाले. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना उभारला आणि सुमारे सहाशे रायफली तयार केल्या.

त्यांतील एक रायफल विंचेस्टर या बड्या कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती लागली आणि त्याने ती मुख्यालयाकडे पाठविली. कंपनीचे टी. जी. बेनेट १८८३ मध्ये स्वतः ऑग्डेनला आले आणि आठ हजार डॉलर मोजून त्यांनी तिचे हक्क विकत घेतले. ही रायफल ‘मॉडेल १८८५’ म्हणून बाजारात आली. तिचा सांगाडा इतका भक्कम होता, की पुढच्या काळातील असंख्य बंदूककारांनी तेवढाच ठेवून त्यावर आपल्या पसंतीची नळी आणि दस्ता चढविला. स्वतःच्या हाताने रायफल जुळविणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींमध्ये या सांगाड्याला आजही मान आहे.

यानंतरची एकोणीस वर्षे ब्राउनिंग विंचेस्टरसाठी झटले. त्यांनी दिलेल्या ४४ रचनांपैकी कंपनीने १० बाजारात आणल्या. उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून विकत घेऊन कपाटात ठेवल्या. मधल्या काळात दोन वर्षे ब्राउनिंग धर्मप्रचारासाठी जॉर्जिया राज्यात गेले, तेवढाच काय तो खंड. त्यांच्या १८९४ च्या रायफलीचा खप कालांतराने सत्तर लाखांच्या पुढे गेला.

वाकलेले गवत

सन १८८९ मध्ये नेमबाजीच्या एका स्पर्धेत ब्राउनिंग यांचे लक्ष निशाण्याकडे नव्हते. गोळी सुटताच नळीपुढचे उंच गवत क्षणभर वाकते, हे त्यांना दिसले. गोळीमागून बाहेर पडणाऱ्या वायूची शक्ती वाया जात आहे, हे त्यांनी ताडले आणि भावांना घेऊन ते तडक दुकानात परतले. जुन्याच एका रायफलीपुढे छिद्र पाडलेली पट्टी बसवून वायूच्या धक्क्याने यंत्रणा हलविता येते, हे त्यांनी लगोलग करून पाहिले. त्यातून निघालेली स्वयंचलित बंदूक कोल्ट कंपनीने स्वीकारली आणि ती ‘मॉडेल १८९५’ या नावाने प्रसिद्ध झाली.

ब्राउनिंग सविस्तर आराखडे क्वचितच काढीत. डोक्यात पूर्ण झालेली रचना ते थेट धातूत उतरवीत आणि भाऊ एड त्यांना नमुना घडविण्यास मदत करीत असे. एकाच भागाकडून दोन-तीन कामे करून घ्यायची, भाग कमीत कमी ठेवायचे, आणि उघडताना-जोडताना सैनिकाला अवजारांची गरज भासू नये, ही त्यांची रीत होती.

सहा हजार गोळ्यांची कसोटी

या रीतीचा सर्वांत मोठा कस अमेरिकी लष्कराच्या पिस्तुलावर लागला. फिलिपिन्समधील लढायांत जुनी रिव्हॉल्व्हरे अपुरी पडल्यानंतर लष्कराला ०.४५ व्यासाचे पिस्तूल हवे होते. ब्राउनिंग यांनी १९०५ मध्ये दिलेला नमुना पुढच्या सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत गेला. नळी सांगाड्याशी दोन सांध्यांनी जोडलेली होती, ती एकाच सांध्यावर आली. मुठीचा कोन बदलला. मूठ नीट पकडल्याशिवाय गोळी सुटू नये, अशी सोय झाली. घोडेस्वारांना एका हाताने हत्यार निर्धोक करता यावे म्हणून अंगठ्याने चालणारा खटकाही आला. प्रत्येक बदलामागे चाचणीत आढळलेली उणीव किंवा वापरणाऱ्याची तक्रार होती. दिखाऊपणासाठी एकही भाग वाढविला गेला नाही.

मार्च १९११ मध्ये अखेरची परीक्षा झाली. सहा हजार गोळ्या झाडायच्या होत्या. दर शंभर गोळ्यांनंतर पिस्तूल थंड करायचे आणि दर हजार गोळ्यांनंतर साफ करून तेल द्यायचे, असा नियम होता. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडखळले. ब्राउनिंग यांचे एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ते स्वीकारले आणि पुढे १९८५ पर्यंत ते अमेरिकी सैन्याचे प्रमाण पिस्तूल राहिले.

भागीदारीचा शेवट

या यशापूर्वी एक कटू प्रसंग घडून गेला होता. आपोआप भरणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीची रचना ब्राउनिंग यांना विशेष प्रिय होती. एकरकमी मोबदल्याऐवजी विक्रीवर रॉयल्टी मिळावी, अशी त्यांनी विंचेस्टरकडे मागणी केली. कंपनीने ती फेटाळली आणि १९०२ मध्ये हे संबंध संपले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. तेथे भेटीची वाट पाहत असतानाच कंपनीच्या अध्यक्षांचे आकस्मिक निधन झाल्याची बातमी आली. अखेर बंदूक बरोबर घेऊन ते अटलांटिकपार बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्ताल येथे पोहोचले. तेथील फाब्रिक नासिओनाल कारखाना आधीपासूनच त्यांची पिस्तुले करीत होता. ही बंदूकही त्याने स्वीकारली आणि ती जवळजवळ शतकभर बनत राहिली.

बेल्जियमने ब्राउनिंग यांना भरभरून मान दिला. फ्रेंच भाषेत तर पिस्तुलाला ब्राउनिंग म्हणण्याचाच प्रघात पडला. परंतु २८ जून १९१४ रोजी साराएव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्याही याच कारखान्यातील ब्राउनिंग पिस्तुलाच्या होत्या. त्या घटनेतून भडकलेल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या टाचेखाली गेला.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा तिच्याजवळ पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांच्या मशीनगनने सरकारी चाचणीत वीस-वीस हजार गोळ्यांच्या दोन फैरी पार केल्या. सरकारने साडेसात लाख डॉलर देऊ केले आणि ब्राउनिंग यांनी घासाघीस न करता ते मान्य केले. रॉयल्टीच्या हिशेबाने ही रक्कम सव्वा कोटी डॉलरच्या पुढे गेली असती, असे सांगितले जाते. विंचेस्टरशी पैशावरून फारकत घेणाऱ्या माणसाने देशाच्या अडचणीच्या वेळी मात्र भाव केला नाही. त्यांचा मुलगा व्हाल हा लेफ्टनंट म्हणून वडिलांच्याच रचनेची शस्त्रे घेऊन फ्रान्समध्ये लढला.

आपलेच भाग परके

उतारवयात ब्राउनिंग यांच्यासमोर एक विलक्षण पेच उभा राहिला. फ्रान्सच्या लष्करासाठी फाब्रिक नासिओनालला अधिक गोळ्या मावणारे नवे पिस्तूल हवे होते. परंतु १९११ च्या पिस्तुलातील उत्तमोत्तम भागांची पेटंटे कोल्टच्या मालकीची होती. स्वतः शोधलेले भाग वगळून त्यांना नवे पिस्तूल रचावे लागले. तीही वाट त्यांनी काढली आणि १९२३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. मंजुरी फेब्रुवारी १९२७ मध्ये मिळाली, पण ती पाहायला ते नव्हते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यात, मुलाच्या कार्यालयात, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले होते. पार्थिव ऑग्डेनला नेण्यात आले.

त्यांचे बेल्जियन सहकारी दियुदोने सैव्ह यांनी ते काम पुढे नेले. कोल्टची पेटंटे १९२८ मध्ये संपल्यावर गुरूचेच जुने भाग त्यांनी नव्या पिस्तुलात परत आणले. १९३५ मध्ये बेल्जियमने स्वीकारलेले हे ‘हाय पॉवर’ पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यातही बनू लागले आणि भारतीय जवानांच्या कमरेला दीर्घकाळ दिसत राहिले. चंद्रशेखर आझाद यांचे प्रयागराजच्या संग्रहालयात ठेवलेले कोल्ट पिस्तूलही मूळ ब्राउनिंग यांच्याच रचनेचे आहे.

वारसा

ब्राउनिंग यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. त्यांचा खरा वारसा मात्र एका भागाच्या जागी दुसरा सहज बसू शकेल, अशा रचनेत आहे. दुसऱ्या महायुद्धात टाइपरायटर करणाऱ्या रेमिंग्टन रँडने आणि शिलाई यंत्रे करणाऱ्या सिंगरनेही १९११ चे पिस्तूल बनविले आणि एकाचा भाग दुसऱ्यात बसत असे. पेटंटे संपल्यावर तर अमेरिकेत या एका पिस्तुलाच्या सुट्या भागांचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. घरच्या घरी पिस्तूल जुळविणारे तेथील हौशी लोक नळी, स्प्रिंग, चाप, मूठ, माशी असा एकेक भाग पारखून घेतात. लष्करानेही १९२० च्या दशकात काही सुधारणा केल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटू नये म्हणून मुठीमागचे टोक लांबविले, चाप आखूड केला.

मात्र प्रत्येक सुधारणेची किंमत असते. नेम अचूक लागावा म्हणून स्पर्धक नेमबाज सरकता भाग अगदी घट्ट बसवून घेतात. मूळ रचनेतली थोडी ढिलाई धूळ आणि चिखल सोसण्यासाठी होती, ती मग उरत नाही. मैदानावर जे पिस्तूल जिंकते, ते खंदकात अडकू शकते. कोणता भाग बदलावा याइतकेच कोणता बदलू नये हेही कळावे लागते. भारतात हा छंद मोकळा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बनविणे वा तिच्यात बदल करणे हा गुन्हा असून सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात.

नाशिक, साराएव्हो आणि प्रयाग येथे चाप ओढणारे हात वेगळे होते, हेतू वेगळे होते आणि इतिहासाने त्यांना दिलेली जागाही वेगळी आहे. यंत्रणा मात्र एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली होती. वडिलांच्या दुकानातील ढिगातून नळी उचलणाऱ्या जॉनला नेमका भाग निवडता येत होता. तो कोणाच्या हाती जाईल, याची निवड त्यांच्या हाती कधीच नव्हती.