लोकमान्यांनी राखून ठेवलेले वर्ष

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या जयांकडे जाते. परीक्षेतील यश, गाजलेले खटले, लिहिलेले ग्रंथ, भोवती जमलेला लोकसमुदाय ह्यांची आपण मोजदाद करतो. परंतु ज्या वर्षी बाहेरून पाहणाऱ्यास त्यांच्या हातून काहीच घडलेले दिसत नाही, त्या वर्षाकडे आपण सहसा वळत नाही. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक ह्यांच्या आयुष्यात असे एक वर्ष आहे. ते इ. स. १८७३ हे होय. कॉलेजातील त्यांचे ते पहिलेच वर्ष. आणि त्या वर्षीची परीक्षा त्यांनी गमावली. जे विद्यार्थी लवकरच शाळेचा उंबरठा ओलांडून कॉलेजात जातील त्यांच्यासाठी, आणि विशेषेकरून त्यांच्या पालकांसाठी, त्या वर्षाची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. गणित व संस्कृत ह्या दोन विषयांत त्यांची चांगली गती होती, व तीच गोडी मुलात उतरली. १८६६ साली गंगाधरपंतांची पुण्यास बदली झाली, आणि त्याच सुमारास मातुश्री पार्वतीबाई निवर्तल्या. १८७१ साली बाळचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी, १८७२ च्या ऑगस्टात, वडिलांचेही छत्र हरपले. सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा त्या वर्षाच्या अखेरीस मॅट्रिकच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला, व १८७३ च्या आरंभी डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

हे कॉलेज १८६८ पासून पुणे शहराबाहेर, मुळामुठेच्या पलीकडे येरवड्याच्या बाजूस भरत असे. विद्यार्थी तेथेच राहत. मोकळी हवा होती, जवळ नदी होती, आणि शिकविण्यास केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्यासारखे नामांकित गणिती होते. गणितात बुद्धी चालणाऱ्या मुलास ह्याहून अधिक काय हवे? परंतु टिळकांची शरीरप्रकृती बुद्धीच्या मानाने फारच मागे राहिली होती. अंगकाठी किरकोळ, शक्ती बेताची. पुढे जे कार्य करावयाचे त्याचे ओझे हे शरीर पेलू शकणार नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखले, आणि कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यास द्यावयाचे असे ठरविले.

हा निश्चय त्यांनी मोठ्या कसोशीने पाळला. व्यायामशाळेतील मेहनत, कुस्ती, पोहणे, नाव वल्हविणे ह्यांत दिवसाचा पुष्कळसा भाग जाऊ लागला. आहारही त्या मेहनतीस साजेल असा त्यांनी ठेविला. वर्गातील व्याख्यानांस व पाठ्यपुस्तकांस त्या वर्षी दुय्यम स्थान मिळाले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सोबतीचे विद्यार्थी पुढच्या वर्गात गेले, आणि टिळक मागे राहिले. पण वर्षारंभी जो किरकोळ मुलगा कॉलेजात आला होता, तो वर्षाअखेरीस काटक व बळकट झाला होता.

आपल्याकडील तालमींत हा विचार नवा नाही. लाल मातीत नव्याने उतरलेला पठ्ठा कितीही चपळ असला, तरी शहाणा वस्ताद त्याची जोड लगेच मैदानात लावीत नाही. जोर, बैठका, खुराक आणि रोजची लढत ह्यांनी अंग तयार होईपर्यंत तो त्याला तालमीतच राखतो. अकाली धरलेल्या एका कुस्तीत खांदा निखळला, तर पुढच्या दहा कुस्त्या जातात, हे तो जाणून असतो.

हीच रीत फार दूरच्या एका देशात नियमाने बांधली गेली आहे. अमेरिकेतील कॉलेजांत फुटबॉल ह्या नावाने जो खेळ चालतो, तो आपल्या फुटबॉलाहून अगदी निराळा; चेंडू हाती घेऊन अंगावर धावून जाण्याचा, अतिशय धसमुसळा असा तो खेळ आहे. तेथे खेळाडूस चार हंगाम सामने खेळता येतील, मात्र ते पाच वर्षांच्या आत केव्हाही, अशी पद्धत अनेक वर्षे चालत आली. त्यामुळे नवख्या खेळाडूस पहिले वर्ष सामन्यांपासून दूर ठेवण्याची मुभा शिक्षकास मिळाली. तो मुलगा संघाबरोबर रोज सराव करतो, डावपेच शिकतो, वजन व बळ वाढवितो; फक्त सामन्यात उतरत नाही. अशा खेळाडूस तेथे रेडशर्ट, म्हणजे तांबड्या सदऱ्याचा, असे म्हणतात. १९३७ साली नेब्रास्का विद्यापीठात वॉरन आल्फसन नावाच्या खेळाडूने असे एक वर्ष आपण होऊन मागून घेतले, तेथून हे नाव पडल्याचे सांगतात. २०१८ साली हा नियम सैल होऊन, चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येऊ लागले. कोणाला थांबवावे व कोणाला उतरवावे, हा तेथील शिक्षकांपुढे दर हंगामी येणारा अवघड प्रश्न होय. लवकर उतरविले तर कोवळे अंग दुखावते. उगाच थांबविले तर तयार मुलाची उमेद खचते.

टिळकांपुढे असा शिक्षक नव्हता, व असा नियमही नव्हता. वस्तादही तेच, पठ्ठाही तेच. शिवाय अमेरिकेतील खेळाडूचे राखलेले वर्ष त्यास पुढे परत मिळते. टिळकांचे वर्ष विद्यापीठाच्या हिशेबी गेले ते गेलेच. असे असूनही त्यांनी ते दिले, आणि दिल्यावर पुन्हा अभ्यासाकडे पाठ फिरविली नाही. हे दुसरे अंग विसरता कामा नये. १८७६ साली ते बी. ए. च्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. गणितात एम. ए. होण्याचा त्यांचा यत्न मात्र सिद्धीस गेला नाही. तेव्हा त्यांनी कायद्याचा अभ्यास धरला, आणि १८७९ साली एल्एल्. बी. ची पदवी संपादन केली. १८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांच्यासमवेत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली.

कमावलेल्या शरीराची परीक्षा येथून पुढे झाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी टिळक व गोपाळ गणेश आगरकर ह्या उभयतांस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुमारे वर्षभराने, १८९८ च्या सप्टेंबरात, ते सुटले तेव्हा प्रकृती अतिशय खालावली होती. म्हणून त्यांनी सिंहगडावर जाऊन विश्रांती घेतली. थांबावे केव्हा हे सोळाव्या वर्षी ज्यास उमगले होते, त्यास बेचाळिसाव्या वर्षीही त्याची लाज वाटली नाही.

ह्याहून कठीण कसोटी १९०८ साली आली. जुलैच्या २२ तारखेस, बावन्नावे वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, व ते ब्रह्मदेशातील मंडाले येथे ठेविले गेले. मधुमेह जडलेला, उन्हाळा प्रखर, राहावयास लाकडी फळ्यांची कोठडी. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्याची वार्ता त्यांना तेथेच कळली. अशा स्थितीत १९१०–११ च्या हिवाळ्यात अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी गीतारहस्य हा प्रचंड ग्रंथ पेन्सिलीने लिहून काढिला. १९१४ च्या जूनमध्ये ते परत आले, आणि घरी न बसता पुन्हा कार्यास लागले. १९१६ साली त्यांनी होमरूल लीग स्थापिली. १९१७ साली तिच्या पहिल्या वाढदिवशी आमच्या ह्या नाशिक नगरीत त्यांचे भाषण झाले, तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. त्यानंतर त्यांनी विलायतेचा प्रवासही केला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

ह्या सर्व कष्टांतून ते तगले ते केवळ १८७३ च्या जोरबैठकांमुळे, असे म्हणणे धाडसाचे होईल. मनुष्याचे आयुर्मान एका कारणाने ठरत नाही. परंतु त्या पायाशिवाय ही इमारत इतके भूकंप सोसून उभी राहती असे आम्हास वाटत नाही.

येथे दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा लेख न्यायाचा होणार नाही. आगरकर हे टिळकांच्याच वयाचे, त्याच डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावच्या ह्या मुलाचे विद्यार्थिजीवन अत्यंत दारिद्र्यात गेले. अंगावर एकच सदरा. तो रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालावयाचा. शिष्यवृत्ती व किरकोळ लेखन ह्यांवर ज्याचे शिक्षण चालले, त्याने एक वर्ष परीक्षा सोडून व्यायाम करावा कसा? टिळकांच्या पाठीशी वडिलांनी ठेविलेली थोडीबहुत पुंजी होती व चुलत्यांचा आधार होता. आगरकरांच्या पाठीशी तेही नव्हते. पुढे मतभेदाने दोघे मित्र दुरावले. आगरकरांनी सुधारक पत्र काढिले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले, आणि दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसता, ते निवर्तले. विष्णुशास्त्री तर १८८२ सालीच, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, गेले होते. आगरकरांच्या बुद्धीत वा निग्रहात काय उणे होते? त्यांस थांबावयास वर्ष मिळाले नाही, इतकेच. अशा मुलास एक वर्ष मिळवून देणे हे ज्याच्या हाती असेल, मग तो चुलता असो, गावकरी असो वा शाळा असो, त्याने हे चरित्र लक्षात ठेवावे.

तर मग पहिल्या वर्षी कोणी थांबावे व कोणी पुढे जावे? ह्या चरित्रावरून आम्ही तीन गोष्टी काढतो. पहिली ही की, कोणती उणीव भरावयाची ते नाव घेऊन सांगता आले पाहिजे. टिळकांस ते सांगता येत होते. नुसते परीक्षेचे भय ही उणीव नव्हे. त्या भयाने थांबणारा पुढल्या वर्षीही थांबेल. दुसरी ही की, राखलेले वर्ष रिकामे नसावे. टिळकांनी सोडली ती परीक्षा, मेहनत नव्हे. उलट त्या वर्षी त्यांनी जितका घाम गाळिला, तितका पुढे गेलेल्या सोबत्यांपैकी थोड्यांनीच गाळिला असेल. तिसरी ही की, थांबण्यास मुदत हवी. वर्ष संपताच ते पुस्तकांकडे परतले. मुदतीवाचून थांबणे ह्यास आमच्या भाषेत आळस हा साधा शब्द आहे.

पालकांसही एक विनंती आहे. शेजारच्या घरचा मुलगा एक इयत्ता पुढे गेला म्हणून आपला मुलगा मागे पडला असा शेरा घाईने मारू नये. १८७३ च्या अखेरीस कोणी टिळकांची गणना केली असती, तर ती नापास झालेल्यांत केली असती, आणि ती गणना चुकीचीही नव्हती. फक्त ती एका वर्षाची होती. पुढची सत्तेचाळीस वर्षे ज्या शरीराने कामास लावावयाची, त्याची डागडुजी त्या एका वर्षात झाली होती.

विद्यार्थ्यांनो, डेक्कन कॉलेजात टिळकांची ती खोली जतन करून ठेविली आहे. पुण्यास जाण्याचा योग आल्यास ती अवश्य पाहा. आणि तेथून खाली नदीपर्यंत चालत जा. गणितात पारंगत होऊ पाहणारा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रोज पुस्तक मिटून तेथे पोहावयास व नाव वल्हवावयास जात असे, आणि आपण काय गमावीत आहोत हे त्यास पुरते ठाऊक होते.